एक जुना डबल बास घ्यायचा आहे

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या तळघरात आज तीन तबलाजोड्या, दोन पेट्या आणि गणपतीतले ढोल-ताशे आहेत. त्यांच्या जोडीला माणसाहून उंच असं एक वाद्य घ्यायचं घाटतंय. त्याचं नाव डबल बास, थोडक्यात बास: व्हायोलिनसारखंच, पण उभं धरून वाजवायचं, खर्जाचं तंतुवाद्य. "हे आणि कुठून काढलंत?" असं बैठकीतही विचारून झालं, म्हणून आधी तेच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलांना २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यूला नेलं होतं. शिकागोत वर्षानुवर्षं राहूनही आपल्यापैकी बहुतेकांनी ती इमारत गाडीतूनच पाहिली असेल. इथे ब्लूज संगीतासाठी गाजलेल्या चेस रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचा स्टुडिओ होता. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा रॉक बँड इथे येऊन ध्वनिमुद्रण करून गेले, हे मुलांना ठाऊक होतं. चेसचा बासवादक विली डिक्सन हे नाव मात्र एकालाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर सोबत आलेल्या पालकांनाही नव्हतं.

डिक्सन १९१५ साली मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला जन्मला. आई बोलताबोलता यमकं जुळवायची. एका सुतारानं त्याला चौघांच्या गायनसंचात खर्जाचा आवाज लावायला शिकवलं. अंगानं धिप्पाड, म्हणून शिकागोत आल्यावर आधी मुष्टियुद्ध. १९३७ मध्ये इलिनॉय गोल्डन ग्लव्ह्ज या हौशी मुष्टियुद्ध स्पर्धेत नवोदितांचं हेवीवेट विजेतेपद. मग लिओनार्ड कॅस्टन नावाच्या मित्रानं त्याला एक बास बनवून दिला. पत्र्याचा डबा आणि एक तार, बस्स. आपल्या भाषेत सांगायचं तर तुणतुणंच! पुढे खरा चार तारांचा बास हाती आला, पण सुरुवात त्या डब्यावर झाली.

दुसऱ्या महायुद्धात त्यानं सैन्यात जायला नकार दिला. जो देश आपल्या काळ्या माणसांना वर्णद्वेषानं वागवतो त्याच्यासाठी लढणार नाही, ही त्याची भूमिका. त्यापायी तुरुंगात गेला. सुटून आल्यावर बिग थ्री ट्रिओ हे त्रिकूट, आणि मग चेस. तिथे तो बास वाजवायचा, गाणी लिहायचा, वादक जमवायचा, कुणी काय वाजवायचं ते ठरवायचा. रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या १९५५ च्या 'मेबलीन' गाण्यावर बास त्याचाच. ब्लूज गायक मडी वॉटर्सला 'हूची कूची मॅन' हे आपलं गाणं त्यानं एका क्लबच्या स्वच्छतागृहात शिकवलं आणि मडीनं ते लगेच बाहेर जाऊन मंचावर गायलं, असं तो सांगायचा. १९५४ सालचं हे गाणं ऐकाच; मात्र मोबाइलवर नको. बासची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ते झेपत नाही. मोठ्या स्पीकरवर लावा आणि मध्येच खर्जाचा (बासचा) आवाज जवळजवळ बंद करा. गाणं तेच राहतं, पण पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटतं.

पैशांच्या बाबतीत त्याच्या वाट्याला बरीच उपेक्षा आली. आपल्या गाण्यांचे हक्क परत मिळवायला त्याला झगडावं लागलं. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या एका गाण्यावरचा त्याचा दावा १९८७ मध्ये तडजोडीनं मिटला. मधुमेहानं एक पाय गेला होता, तरी त्यानं ब्लूज हेवन ही संस्था काढली. कलावंतांना त्यांचा हक्काचा पैसा मिळवून द्यायचा, मुलांना संगीतासाठी मदत करायची. १९९२ साली तो गेला. पुढच्याच वर्षी पत्नी मेरी यांनी चेसची ती इमारत विकत घेतली आणि आज संस्था तिथेच आहे.

आता आपलं. आपल्या वस्तीतली एक मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवते. जूनमध्ये शाळा सुटली की वाद्य कुलपात, आणि अडीच महिने हात रिकामे. व्हायोलिन भाड्यानं आणणं परवडतं, बासचं भाडं मात्र दर महिन्याला खिशाला जाणवतं. असं आणखी एक मूल आहे, ते मराठी नाही. त्यालाही वाद्य द्यायचं, हे बैठकीत एकमतानं ठरलं आहे.

थ्री-फोर्थ मापाचा, प्लायवूडचा जुना बास आम्ही पाहून ठेवला आहे. (थ्री-फोर्थ म्हणजे मुलांचं माप नव्हे, मोठेही तोच वाजवतात.) पिशवी आणि नव्या तारा धरून १,८०० डॉलर सांगितले आहेत. दिवाळी फराळाच्या विक्रीतले ७०० हाताशी आहेत. उरलेले ११०० मे अखेरपर्यंत जमवायचे आहेत. दहा डॉलरही चालतील, पावती मिळेल. बास मंडळाच्या नावावर राहील आणि मुलांना विनामूल्य, एकेका सुटीसाठी घरी नेता येईल.

पैशांखेरीज तीन गोष्टी हव्या आहेत. मागची सीट पूर्ण आडवी होणारी व्हॅन, एका शनिवारपुरती. कोरडी खोली, कारण तळघरात ओल आहे आणि तिथे बासचे सांधे सुटतील; ढोलांचं काय होतंय ते आपण पाहतोच आहोत. आणि कुणाच्या गराजमध्ये, मुलगा कॉलेजला गेल्यापासून, एखादा बास धूळ खात उभा असेल तर पैसे देण्याआधी तेवढं कळवा. मग जमलेली रक्कम दुसऱ्या बाससाठी ठेवू.

रविवारी मराठी शाळा सुटल्यावर कोषाध्यक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पावतीपुस्तक घेऊन बसतील.

आपली,
कार्यकारिणी