इंजिन खोलण्याआधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उलटला की खान्देशातल्या गॅरेजांपुढे जुन्या गाड्यांची रांग लागते. लग्नसराई तोंडावर असते, वाड्यात नाहीतर मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी, अँबेसेडर किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० बाहेर काढायचं ठरतं आणि दोन-चार दिवसांत निकाल येतो, ‘इंजिन काम निघालंय.’ मग पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, बोअरिंग, लेथची मजुरी. आकडा ऐकून कित्येक गाड्या तिथूनच भंगारात जातात. हा निकाल बहुतेक वेळा काहीही न मोजता दिलेला असतो, म्हणून हे पत्र.

उभ्या गाडीचं खरं नुकसान होतं ते चालू करण्याच्या घाईत. बॅटरी लावून सेल्फ मारायचा, नाही फिरलं तर ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी गिअरमध्ये ओढायची, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. फार दिवस उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजून चिकटलेल्या असतात. ओढलं की रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअर ओरबाडतो. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटमधून एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तोवर नसलेलं इंजिन काम त्या दोरानं निघतं. त्याऐवजी सगळे प्लग काढा, डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिली, सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. नंतर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. जोर लावायचा नाही. सुटलं नाही तर पुन्हा मिश्रण सोडा आणि थांबा. मोकळं झालं की प्लगच्या भोकांवर फडकं टाकून सेल्फ मारा, आतलं तेल बाहेर उडून जाईल. मग ऑइल आणि फिल्टर बदला. मारुती असेल तर टायमिंग बेल्ट चांगला दिसत असला तरी बदलाच, रबर उभ्या उभ्याच तडकतं. एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचं तोंडही बघा. कापसाच्या मुलखात उंदरांना घरट्याला माल शोधावा लागत नाही. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास येत असेल तर ते आधी उपसून टाका आणि पहिल्यांदा गाडी वेगळ्या कॅनमधून नळी जोडून चालवा, म्हणजे टाकीतला गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) जाणार नाही.

आता मोजणीकडे. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, ही काही महागाची वस्तू नव्हे, पण किती गॅरेजांत ती वापरलेली दिसते? पद्धत अशी: इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे मिळतील इतका सेल्फ मारायचा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर सगळेच आकडे खोटे येतात. अॅक्सिलरेटर दाबायचा राहिला तरी तेच, कारण हवाच आत जात नाही. जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या चार सिलिंडर इंजिनाला १२० पीएसआयच्या आसपास मिळाले तर काळजीचं कारण नाही, मारुतीला त्याहून जास्त हवेत. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा.

एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगांतून आहे. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. समजा आकडे १२५, १२०, ६०, ६५ असे आले. शेजारशेजारचे तिसरा आणि चौथा दोन्ही पडलेले आहेत, म्हणजे त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट उडालंय. हे हेड काढण्याचं काम झालं, इंजिन बांधण्याचं नव्हे. एकटा सिलिंडर कमी असेल आणि ऑइलनं फरक पडत नसेल तर हेडला हात लावण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. टॅपेट टाइट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि तसाच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मॅन्युअलमधल्या मापाला सेट करून पुन्हा मोजायला अर्धा तास पुरतो. फार दिवस उभ्या गाडीत व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेलाही असू शकतो.

हेड काढावंच लागलं तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काढा. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना बोल्ट सोडले तर ते वाकतं. सोडताना बाहेरून आत, कसताना मधून बाहेर, आणि एका दमात नाही, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पाना लावून. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर सारून बघा. ०.०५ मिमीची पाती शिरू लागली तर सावध व्हा, ०.१ मिमीची शिरली तर लेथवर फेसिंग केल्याशिवाय नवं गॅस्केट टिकत नाही. ‘गॅस्केट महिन्यात पुन्हा उडालं’ या तक्रारीमागे बहुधा हीच न केलेली तपासणी असते.

खरं इंजिन काम कधी? सगळ्या सिलिंडरांचे आकडे कमी असतील आणि ऑइल टाकल्यावर सगळे चढत असतील. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचे लोट येत असतील. गरम इंजिनात स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, किंवा चढावर खालून ठोका ऐकू येत असेल. यातलं काही असेल तर खर्च टळत नाही. निळ्या धुरानं मात्र लगेच घाबरू नये. सकाळी स्टार्ट करताना एकदाच निळा येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, अॅक्सिलरेटर दाबताच सतत येत असेल तर रिंगा. काळा धूर हा चोक, फ्लोट किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा.

आपल्याकडे सर्वांत जास्त फसवणारी तक्रार मे महिन्यातली. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना किंवा शिरपूरपुढे बिजासनला गाडी अचानक बंद पडते, अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी चालू होते. गॅरेजला पोचेपर्यंत ती ठीक असते, मग अंदाजानं कॉइल बदलतात, पुढच्या खेपेला पंप, त्याच्या पुढच्या खेपेला कार्बोरेटर. ४५ अंशांच्या उन्हात अशी बंद पडण्याची निदान तीन कारणं असतात आणि लक्षण तिन्हींचं सारखंच दिसतं. म्हणून तपासणी बंद पडल्या जागीच, इंजिन थंड व्हायच्या आत करायची.

आधी स्पार्क. एक प्लग काढून वायरला जोडा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग इन्सुलेटेड पक्कडीत धरा आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी किंवा गायब असेल तर गरम झालेली कॉइल किंवा कंडेन्सर. दोन्ही थंडपणी बरी वागतात. पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) करपलेले असतील तर कंडेन्सरवरच संशय घ्या, नुसते पॉइंट बदलून ते पुन्हा करपतात. पॉइंटची फट ०.४ ते ०.४५ मिमी. प्लगच्या वायरी हलवल्या असतील तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) जुळवून घ्या: पद्मिनीला १-३-४-२, मारुती ८०० ला १-३-२.

स्पार्क ठीक असेल तर पेट्रोल. टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, खर्च शून्य. तसं नसेल तर कॉइलची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरला येणारी नळी सोडून ती लांब धरलेल्या बाटलीत घाला आणि सेल्फ मारा. टप्प्याटप्प्यानं भरभक्कम धार यायला हवी. फेस आणि बुडबुडे आले तर व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं नळीत पेट्रोलची वाफ अडकलीय. पंपावर ओलं फडकं ठेवून तात्पुरतं निभावतं. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर न्यायची, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवायचं आणि मूळ गाडीत असलेला पंपाखालचा जाड इन्सुलेटर परत बसवायचा. तो पुष्कळदा कुणीतरी फेकून दिलेला असतो.

गाडी तापत असेल तर सगळा दोष रेडिएटरच्या माथी मारतात. ठिणगीचं टायमिंग मागे गेलं किंवा हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) झालं तरी इंजिन तापतं, तेही बघायला हवं. पण आपल्याकडचं मोठं कारण बोअरवेलचं पाणी. बंबात धरतो तसाच क्षार इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत धरतो. वर उपाय म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात, हे तर उलटच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतो तेव्हाच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच फिरत राहतो आणि चढावर गाडी आणखी तापते. काढून फेकण्याऐवजी पातेल्यात थर्मामीटरसह उकळत ठेवून तपासा. त्याच्यावर जे तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८, तिथे तो उघडायला लागला पाहिजे. जुना पितळी रेडिएटर असेल तर वरची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवून घेता येते. साफसफाईला कॉस्टिक सोडा वापरू नका, तो अॅल्युमिनियमचं हेड खातो. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ म्हणून कूलंट टाळणारे पुष्कळ, पण त्यानं गंज थांबतो आणि उकळणबिंदू वाढतो. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, दाब टिकला नाही तर पाणी लवकर उकळतं.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल दोन गोष्टी. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सीलं इथेनॉलसाठी बनलेली नव्हती, ती फुगतात, तडकतात. फ्युएल इंजेक्शनसाठीची इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्या. पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. दुसरं, या पेट्रोलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. एका मापानं मोठा मेन जेट बसवून प्लगचा रंग बघा, फिकट तपकिरी आला की पुरे.

ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल इंजिनाच्या आधी. यावर वाद नको.

एवढ्या खर्चाच्या आधी कागद तपासा. एमएच-१८, १९ किंवा ३९, कुठलीही असो, १५ वर्षांनंतर आरसीचं ५-५ वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि २० वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क २०२५ मध्ये वाढलंय, तेव्हा आधी आरटीओत चौकशी करावी. ‘विंटेज’ म्हणून सुटका होईल असं काहींना वाटतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. नव्वदच्या दशकातली पद्मिनी त्यात बसत नाही. तिच्या बाबतीत पत्र्याच्या कामाला हात लावण्याआधी चेसिस नंबर शोधा, वायर ब्रशनं हलक्या हातानं गंज काढा आणि कागद ठेवून पेन्सिलीनं त्याचा ठसा घेऊन आरसीशी ताडून बघा. डेंटिंगवाल्याला ग्राइंडर तिथे लावू देऊ नका, नंबर पुसला गेला तर चालणारं इंजिनही उपयोगाचं नाही.

आपला,
एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)