कव्हर भडक का असतं ते जरा ऐका

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाच्या मासिकांवरचा लेख वाचला. बाकी लेख झकास आहे, पण कव्हरांचा विषय 'भडक आणि सवंग' असं म्हणून एका ओळीत उरकलाय ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी सांगलीत गेली २२ वर्षं डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, इलेक्शन आलं की पत्रकं. आणि त्याच्या आधी, ८८-८९ साली, शाळेला सुट्टी लागली की एसटी स्टँडजवळ मामाच्या पेपर स्टॉलवर बसायचो. म्हणजे कव्हर विकलंही आहे आणि केलंही आहे.

मामाच्या स्टॉलला तीन सुतळ्या आडव्या बांधलेल्या होत्या, त्यावर चिमटे लावून अंक लटकवायचे. जागा चार फूट आणि मासिकं वीसएक, मग काय, एकावर एक चढवूनच लावावी लागायची, म्हणजे पुढच्या एकाचं कव्हर पूर्ण दिसायचं आणि मागच्यांची डावीकडची तीन-चार बोटं पट्टी तेवढी. खाली फळीवर पसरलेल्यांचा फक्त वरचा भाग दिसायचा. आता घरात कुठलं जुनं फिल्मी मासिक असेल तर काढून बघा, नाव एकदम वर आणि ठळक, आणि जो मथळा खपणारा आहे तो बहुतेक करून डावीकडं. हे कुणा आर्टिस्टच्या डोक्यातून आलेलं नाहीये, सुतळीनं ठरवलेलं आहे.

गिऱ्हाईक कसं असायचं तेही सांगतो. विट्याची नाहीतर तासगावची गाडी फलाटाला लागायची वेळ, माणूस स्टॉलपासून पाच-सहा फुटांवर, हातात पिशवी, एक डोळा गाडीवर, तो काय थांबून वाचणार आहे का? त्याला त्या दहा सेकंदांत पकडायचं. म्हणून तर चेहरा एवढा मोठा, मागं साधा एकरंगी पडदा (नाहीतर वरची अक्षरंच दिसत नाहीत) आणि हिरॉईनची नजर सरळ समोर. मामा सकाळी गठ्ठा सोडला की आधी नजर बघायचा, "आपल्याकडं बघायलीय का बघ, मग लाव पुढं." इकडंतिकडं बघणारी कितीही मोठी नटी असू दे, मागच्या सुतळीवर जायची.

भडक रंगांबद्दल तर बोलायलाच पाहिजे, कारण तो आमच्या पोटापाण्याचा विषय. कव्हर चार शायांत छापतात, सायन (निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो, ब्लॅक, आणि फोटो म्हणजे ह्या चारांचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी बसवायचे. एक रंग केसभर हलला की चेहरा बिघडला. मामाच्या स्टॉलवर असे अंक यायचे, ओठ ओठांच्या जागी नाहीत, लाल रंग हनुवटीकडं सरकलेला, बिचारी दोन तोंडांची दिसायची, ते गठ्ठ्यात तळाला ठेवायचे. पण पिवळं अक्षर एकाच शाईत निघतं, आणि लाल दोन शायांत, त्याही भरगच्च, ठिपक्यांची भानगडच नाही, म्हणून त्याची कड स्वच्छ येते आणि लांबून वाचता येतं. आता सांगा, नाव लाल-पिवळ्यात टाकणारा सवंग का शहाणा? एक गोष्ट मात्र खरी की उन्हात हेच रंग आधी उडतात. पश्चिमेकडची सुतळी दुपारी उन्हात यायची आणि न खपलेला अंक काही दिवसांत निळा पडायचा, गालबिल सगळं निळं, मामा म्हणायचा हिला थंडी वाजली.

फोटोच्या आधी तर हे सगळं हातानं रंगवायचे. बाबूराव पटेलांचं 'फिल्म इंडिया' १९३५ साली निघालं, त्याची कव्हरं एस. एम. पंडितांनी केलेली आहेत. आपल्याकडं दिवाळी अंकांना चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर होतेच, लोक कव्हर कापून फ्रेम करून लावायचे, त्याला कुणी सवंग म्हणलं नाही. 'फिल्मफेअर' १९५२ चं, पहिल्या कव्हरवर कामिनी कौशल. आणि मग १९७१ च्या ऑक्टोबरात 'स्टारडस्ट' आलं, कव्हरवर राजेश खन्ना आणि सोबत प्रश्न, की ह्यानं गुपचूप लग्न केलंय का? ते मासिक काढणारे नारी हिरा मूळचे जाहिरात धंद्यातले, त्यामुळं कव्हर म्हणजे आतल्या मालाची जाहिरात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ह्या प्रश्नचिन्हाबद्दल मात्र तुमच्या लेखकाशी मी सहमत आहे, ते लबाडच असतं. प्रश्न विचारला की छापणारा मोकळा, आणि वाचणारा आत जाऊन बघतो तर दोन परिच्छेद आणि उत्तर नाहीच. पण तेच प्रश्नचिन्ह आता तुमच्या पेपरच्या वेबसाईटवर रोज दिसतं की, मग एकट्या मासिकांनाच कशाला बोल.

अजून एक गंमत. बऱ्याच कव्हरांवर हिरोचं डोकं मासिकाच्या नावाच्या थोडं वर चढलेलं असतं, एखाद-दुसरं अक्षर केसांमागं झाकलेलं. हे कुणीही करू शकत नाही, ज्या मासिकाचं नाव अर्धं झाकलं तरी लोक ओळखतात त्यानंच करावं. आता फोटोशॉपमध्ये पाच मिनिटांत होतं, तेव्हा छपाईच्या फिल्मवर हातानं मास्क (नको तो भाग झाकणारा तुकडा) कापायचे, केसांची कड सांभाळत. मागं एका दिवाळी अंकवाल्यांनी मला हेच करायला लावलं, अंकाचं दुसरंच वर्ष, वर कव्हरवर नऊ कलाकारांचे फोटो पाहिजेत म्हणे. केलं. नाव कुणाला वाचता येईना आणि एकही चेहरा अंगठ्यापेक्षा मोठा नाही. पैसे अजून यायचेत.

तुमच्या पुरवणीचं पहिलं पान पण थोडं तसंच व्हायला लागलंय, राग मानू नका. पिक्चरवाल्यांनी पाठवलेला फोटो जसाच्या तसा, तोच त्या दिवशी दुसऱ्या पेपरातही, आणि मथळा बरोबर हनुवटीवर. मोबाईलवर ते पान काडेपेटीएवढं दिसतं, तिथं तर चेहरा मोठा आणि शब्द कमी पाहिजेत, म्हणजे परत मामाची सुतळीच आली की. निदान एक फोटो तरी खास पुरवणीसाठी काढून घ्या, आणि पान लावणाऱ्या पोराला एकदा स्टँडवर उभं करा, सहा फुटांवरून बघ म्हणावं काय वाचता येतं.

मामाचा स्टॉल बंद होऊन बरीच वर्षं झाली. न खपलेल्या अंकांचं वरचं नाव कापून तेवढी पट्टी एजंटला परत द्यायची अशी तेव्हा पद्धत होती, आणि डोकं नावावर चढलेलं असल्यामुळं पट्टीबरोबर सगळ्यांच्या टाळूही जायच्या. ते बिनटाळूचे अंक आम्हा पोरांना मिळायचे, मी वह्यांना कव्हर घालायचो, इतिहासाच्या वहीला कपाळापासून खाली अख्खा अनिल कपूर होता. बाकी गठ्ठा २०१९ च्या पुरात गेला, वरच्या फळीवरचे सतरा-अठरा अंक तेवढे राहिलेत. तुमच्या लेखकाला बघायचे असले तर खुशाल या म्हणावं, दुकान संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उघडं असतं.

आपला एक जुना वाचक,
विश्रामबाग, सांगली