आमच्या गोलकीपर ताईला

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तू "राहू दे गे" म्हणून किटबॅग उचलतेस.

यंदा आपण जिंकलो कमी, हरलो जास्त. ते रडगाणं इथे नको. गोव्यात फुटबॉलच्या गोलीला वाड्यावरची पोरंही ओळखतात. हॉकीच्या गोलकीपरला मात्र कदंबाच्या सरकारी बसमध्ये कंडक्टर विचारतो, "एवढं गाठोडं कुठे ठेवणार?" १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघात लिओ पिंटो हा मूळचा गोंयकार गोलकीपर होता, हे तू आम्हाला सांगितलंस ते असल्याच एका बसमध्ये.

आभार मानायचे आहेत ते म्हापशातल्या पेडेच्या टर्फवर सामना हरल्यावर तू जे बोलायचीस त्याचे. तू कधी कुणावर खापर फोडलं नाहीस. आणि "सगळी चूक माझी" असंही कधी म्हणाली नाहीस. माझ्या मते हे दुसरं जास्त अवघड. एकीने सगळं अंगावर घेतलं की बाकीच्या दहाजणी आरामात सुटतात, वर तिचं कौतुकही होतं. तू हेल्मेट काढून एकेका गोलाचा हिशेब मांडायचीस. "पहिला माझा. पॅडवरून चेंडू मधेच सोडला, बाजूला काढायला हवा होता. दुसऱ्यात पहिला फटका मी अडवला, रिबाउंड तुमचा होता. डीमध्ये, गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, मागे कोणी आलंच नाही. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे आपल्या चुकीमुळे त्यांना मिळालेल्या फटक्याला, अडवायला पुढे धावणारी आपली पोर माझ्या नजरेच्या मधे आली. तिची धावायची रेषा उद्या दोघी मिळून बघू." आवाज चढलेला नसायचा, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागायचं. "गोल ३.६६ मीटर रुंद. तुम्ही बाहेरून कोन बंद केलात तर उरलेलं मी बघते," हे तर आता आम्हाला पाठच झालंय.

टोकियो ऑलिम्पिकमधला कांस्यपदकाचा सामना तू वेगळाच सांगायचीस. शेवटच्या सेकंदांत आपला गोलकीपर श्रीजेशने अडवलेला पेनल्टी कॉर्नर सगळ्यांना आठवतो. तू म्हणायचीस, "५-४ जिंकलो. म्हणजे त्याच्यावर चार गोल झाले होतेच ना? पाचव्याला तो तयार होता, एवढं बघा."

गुणतक्त्यात आपण वर सरकलो नाही. पण हल्ली बॅकलाइनमधली सगळ्यात धाकटी पोरसुद्धा हाफटाइमला "तो माझा होता" म्हणते, आणि पुढच्या वेळी कुठे उभी राहणार तेही सांगते. हे कोचकडून आलेलं नाही, ताई. (कोच हे वाचणार आहेत, तरी लिहिते.) मनापासून आभार.

गणेशचवथ झाली की सराव सुरू. तुझ्या डाव्या किकरचा, म्हणजे बुटावरच्या जाड पॅडचा, पट्टा तुटलाय. वर्गणी काढून आम्ही नवी जोडी मागवलीय, नको म्हणू नकोस.

तुझी,
डावीकडची फुलबॅक