संकलन रजिस्टर मोबाईलवर पाहू द्या : पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

कोयना धरणग्रस्तांचं संकलन रजिस्टर गावनिहाय ऑनलाइन करा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहिते आहे.

बुडीत गावातला खातेदार कोण, त्याची किती जमीन गेली, बदल्यात कुठे किती मिळाली, किती द्यायची राहिली, हे सगळं त्या रजिस्टरात असतं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला असो, पर्यायी जमीन असो की घराचा भूखंड, पहिला प्रश्न ठरलेला : 'संकलनात नाव आहे का?' आणि नेमकं तेच ज्याचं त्याला घरबसल्या पाहता येत नाही. सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर दिसतो. ज्यांचा सातबाराच पाण्याखाली गेला, त्यांची नोंद मात्र कपाटात.

कोयनेचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला आला 1976 साली. तोवर कुणाला अपुरी जमीन मिळाली, कुणाला मिळालीच नाही. काही कुटुंबं पाण्याच्या वर डोंगरातच सरकून राहिली आणि 1985 ला तिथे अभयारण्य जाहीर झालं. बाकीच्यांचं पुनर्वसन सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे असं विखुरलं. पाटण-जावळीची कितीतरी माणसं मुंबईत माथाडी झाली. त्यामुळे आज वारस नवी मुंबईत, जमीन सोलापूर जिल्ह्यात आणि मूळ कागद साताऱ्यात, अशी घरं आहेत. रोजंदारीवरच्या माणसाने एका नोंदीसाठी किती खाडे करायचे?

आमच्या घरात एक प्लास्टिकची पिशवी आहे. तीत आजोबांची कब्जेपट्टी, म्हणजे जमिनीचा ताबा मिळाल्याचा कागद. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी पिवळी पडलेली, शाई उडत चाललेली. तिच्यावर आजोबांचं नाव 'धोंडी' आहे, रजिस्टरात 'धोंडू'. एवढ्यावरून वारसनोंद अडली. रजिस्टर बघायला मिळालं तेव्हा पानांच्या कडा झिजलेल्या होत्या आणि शेऱ्याच्या रकान्यात काही नोंदी पेन्सिलीने केलेल्या. पेन्सिलीची ती ओळ उद्या कुणी खोडली, तर आमच्याकडे पुरावा काय?

साहेब, माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की अशी माहिती शासनाने आपणहून प्रसिद्ध करावी. 2013 च्या भूसंपादन कायद्यात तर मंजूर पुनर्वसन योजना स्थानिक भाषेत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे. म्हणजे नव्या धरणग्रस्ताला जे हक्काने मिळतं, ते राज्याला वीज देण्यासाठी आधी उठलेल्या माणसाला मिळत नाही. हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये.

यादी उघडी केली तर बोगस दावे वाढतील, असं कुणी म्हणेल. माझं मत नेमकं उलट आहे. एकाच खात्यावर दोनदा जमीन घेतली गेली असेल, तर ती गोष्ट गावाला आधी कळेल. आपल्या गावात कुणाची किती खंडीची जमीन होती, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, पण ती दरवर्षी कमी होताहेत. त्यांच्या हयातीत यादी गावापुढे आली पाहिजे. आधार क्रमांक, मोबाईल नंबर झाका. नाव, गाव, गेलेलं क्षेत्र, दिलेलं क्षेत्र, शिल्लक, एवढं पुरे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. नुसत्या स्कॅन प्रती टाकू नका. मराठीत नाव टाकलं की शोधता यायला हवं, आणि 'धोंडी'-'धोंडू' दोन्ही सापडायला हवेत. दुसरं म्हणजे, चूक दिसली तर तिथूनच हरकत नोंदवता यावी आणि तिची पोच मिळावी. ज्यांना मोबाईल जमत नाही, त्यांच्यासाठी छापील यादी प्रत्येक पुनर्वसित गावठाणाच्या ग्रामपंचायतीत लावा.

एका तालुक्यापासून सुरुवात केली तरी चालेल. पाटण घ्या. काम कुणाकडे दिलं आणि कोणत्या तारखेपर्यंत होणार, एवढं या पत्राच्या उत्तरात कळवावं, ही विनंती.

आपली,
कोयना धरणग्रस्त कुटुंबातील एक वारस