रवाळ निगेटिव्हविषयी मित्रास पत्र

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराच्या फोटोंचा फिल्मरोल तू घरी धुतलास आणि निगेटिव्ह फारच रवाळ, म्हणजे दाणेदार, निघाल्या, हे वाचून वाईट वाटले. रवा तुपाला शोभतो, निगेटिव्हला नाही. कोणता डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणारे द्रावण, घ्यावा असे तू विचारतोस. मला मात्र, नळाचे पाणी आले तसे वापरले आणि वर फिल्म डेव्हलपरमध्ये दोन मिनिटे जास्त ठेवली, हे तुझे वाक्य खटकले. वैशाखात आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतले पाणी चांगलेच तापलेले असते. एफपी-४ प्लस फिल्मला पाणी न मिसळलेल्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेआठ मिनिटे लागतात, तर २४ अंशांना सहाच पुरतात. त्याहून गरम पाण्यात तू साडेदहा मिनिटे ठेवल्यावर निगेटिव्ह दाट होऊन रवा वर येणारच. मी डेव्हलपर, फिक्सर (उमटलेले चित्र पक्के करणारे द्रावण) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या एकाच घमेल्यात, बर्फ घातलेल्या पाण्यात तासभर ठेवतो, म्हणजे तिन्ही एका तापमानाला येतात.

आता डेव्हलपरविषयी. मी डी-२३ नावाचा डेव्हलपर घरीच करतो: १ लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम मेटॉल (चित्र उमटवणारी पूड) आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, एवढेच. एवढ्या सल्फाइटमुळे फिल्मवरचे चांदीचे क्षार किंचित विरघळतात, कणांच्या कडा झिजतात आणि रवा मऊ दिसतो. त्याची किंमत म्हणजे रेषांची धार थोडी कमी होते. तेवढेच पाणी मिसळून पातळ केले तर धार परत येते, पण रवाही दिसू लागतो. जुन्या दगडाच्या भिंतीसाठी मी पातळ करीत नाही. चेहऱ्यांच्या बाबतीत माझे मत अजून ठरलेले नाही.

मिसळण्याचा क्रम मात्र चुकवू नकोस. गेल्या उन्हाळ्यात घाईघाईत मी सगळे सल्फाइट आधी ओतले आणि मग मेटॉल काही केल्या विरघळेना. पांढरी कणी तळाशी गोल गोल फिरत राहिली आणि अखेर तो लिटरभर माल मोरीत गेला. कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळे मेटॉल, ते पूर्ण विरल्यावर उरलेले सल्फाइट, असे कर. हातमोजे घाल, मेटॉलने काहींच्या बोटांना खाज सुटते.

तू पाठवलेल्या पट्टीवरचे गोल डाग बोअरच्या जड पाण्याचे आहेत. शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड पाण्यात कर आणि रोल न्हाणीघरातच वाळत घाल, कारण तिथे धूळ कमी असते.

पुढच्या रविवारी दुसरा रोल घेऊन ये, आपण मिळून धुऊ. येताना थर्मामीटर आण. माझा परवाच घमेल्यात फुटला.

तुझा मित्र