मांडवीच्या खोलीविषयी

रत्नागिरी,
१२ मे

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मांडवीच्या खोलीचा विषय निघाला आणि बाबा, “आपल्या माणसाला दे, परक्याला नको” एवढेच बोलून तुम्ही फोन आईकडे दिलात. खोली तुमची आहे, त्यामुळे शेवटचा शब्दही तुमचाच राहील. तरी ते वाक्य दोन दिवस मनातून जात नाही, म्हणून फोनवर जे सांगायचे राहून गेले ते लिहून कळवते आहे.

ज्या कुटुंबासाठी मी खोली मागते आहे ते नेपाळचे आहे. नवरा मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार नौकेवर खलाशी आहे, बायको आमच्या इमारतीत तीन घरची धुणीभांडी करते आणि मुलगी माझ्या वर्गात, चौथीत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यांचा घरमालक दर वर्षी मेअखेरीस खोली रिकामी करून घेतो आणि ऑगस्टमध्ये नवी अनामत मागून तीच खोली वाढीव भाड्याने पुन्हा देतो. मधले दोन महिने डोक्यावर छप्पर नाही म्हणून सगळे कुटुंब गावी जाते, आणि शाळा जूनमध्येच सुरू होत असल्यामुळे ही मुलगी दर वर्षी उशिरा वर्गात येते. कायद्याने तिला वर्षात केव्हाही प्रवेश मिळतो, पण जून-जुलैत शिकवून झालेला भागाकार ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी उभी राहून एकटी शिकते. तिची आई बँकेत जाते तेव्हा पावतीवरचे मराठी हीच मुलगी वाचून दाखवते. राहायला कायमची जागा असेल तर निदान या दोघी पावसाळ्यात इथेच राहतील, एवढाच माझा हिशेब आहे.

बाबा, तुम्ही पाहिलेली रत्नागिरी आता राहिली नाही. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे ही गावे शहराला येऊन मिळाली आहेत. तिथल्या इमारतींचे गवंडीकाम कानडी माणसांनी केले आहे, फरशी आणि सुतारकाम राजस्थान व उत्तर प्रदेशातल्या कारागिरांनी केले आहे, आणि काम संपले की ती माणसे पुढच्या इमारतीशेजारी पत्र्याच्या खोपटात राहायला जातात. मे महिन्यात नळाचे पाणी कमी पडते तेव्हा आम्ही वर्गणी काढून टँकर मागवतो. या मुलीच्या चाळीत मात्र सहा बिऱ्हाडांना एक नळ आहे. गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या बैठकीत सर्वांनी ठरवले की फ्लॅट भाड्याने देताना “आपल्यातलाच” माणूस पाहावा. आपल्यातला म्हणजे कोण, हे कोणी बोलले नाही आणि कोणी विचारलेही नाही. मुसलमान नको आणि नेपाळी नको, हे सगळ्यांना कळले होते. मीही त्या बैठकीत गप्प बसले, त्याची मला आजही लाज वाटते.

याच शहरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला नजरकैदेत ठेवले होते. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी मराठी बोलत, गरिबीत, इथल्याच माणसांत जगली. राजवाडा पाहायला आम्ही दर वर्षी शाळेची सहल नेतो, पण त्या नातीची गोष्ट मुलांना सांगायचे राहून जाते.

बाबा, मुंबईत गिरणीत कामाला असताना तुम्ही लालबागला, गावच्या माणसांच्या सामायिक खोलीत राहत होता. दहा बाय बारा फुटांच्या त्या खोलीत तीसेक माणसे होती, प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर झोपायचा, आणि जेवण खाणावळीत. हे सारे तुम्हीच आम्हाला पावसाळ्यात पडवीत बसून सांगितलेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे तुम्ही पेटी घेऊन घरी परत आलात. मनीऑर्डर थांबल्यावर आईने भाताच्या दोन खाचरांवर आणि दुसऱ्यांच्या बागेतल्या मजुरीवर घर चालवले. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीतही तुमचा नंबर लागला नाही. ज्या शहराला आपण तारुण्य दिले तिथे आपल्या नावाची एक भिंतही नाही, हे तुम्ही किती तरी वेळा बोलला आहात.

एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होते. गावाच्या त्या खोलीत आपल्या बौद्धवाडीतला एकही माणूस नव्हता, हेही तुम्हीच सांगितले होते. ते त्याच गिरण्यांत कामाला होते, पण राहायला वेगळ्या चाळीत. एकाच गावचे, एकच बोली बोलणारे लोकसुद्धा तेव्हा “आपले” ठरले नाहीत. म्हणून हा शब्द ऐकला की मला काळजी वाटते, आणि तो तुमच्या तोंडून आला की अधिक वाटते.

आई, ही खोली तुझ्या पाटल्या मोडून घेतलेली आहे, तेव्हा तुझे मतही मला स्वतंत्रपणे हवे आहे. व्यवहाराची काळजी दोघांनीही करू नये. करार रीतसर नोंदवून घेईन, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देईन, अनामत एका महिन्याच्या भाड्याइतकीच घेईन आणि पावसाळ्याचे दोन महिने, नवऱ्याची मिळकत बंद असताना, भाडे अर्धे ठेवावे असे मला वाटते.

त्यांना ३१ मेला सध्याची जागा सोडायची आहे, तेव्हा महिनाअखेरीपूर्वी कळवावे. किल्ली माझ्याकडे आहे. तुमचा होकार आल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही.

आपली,
लेक