आमच्या फोर्कमधल्या एका पॅचची बाजू घेणाऱ्या मेंटेनरना

सप्रेम नमस्कार,

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा आमचा घरचा फोर्क, म्हणजे आम्ही बदल करून वेगळी सांभाळलेली प्रत, तुम्ही पॅचमागून पॅच, म्हणजे बदलामागून बदल, वाचून काढलात. ना ओळख, ना करार, ना बिल.

ओपनएसएसएलच्या १.१.१ या आवृत्तीचा सार्वजनिक सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला आणि आमची धावपळ सुरू झाली. ३.० या पुढच्या आवृत्तीत ‘इंजिन’ नावाच्या जोडभागांची जागा ‘प्रोव्हायडर’नी घेतलेली, आणि आमचे कितीतरी पॅच थेट जुन्या आतल्या रचनेत हात घालणारे. पैसे मोजून बोलावलेल्या सल्लागारांनी जाडजूड अहवाल दिला. त्याचं सार एवढंच, की फोर्क करायलाच नको होता. हे ज्ञान इनव्हॉइससकट मिळालं. अहो, गूगलचा बोरिंगएसएसएल तरी काय आहे? फोर्कच ना? पण तो सांभाळायला त्यांच्याकडे माणसं आहेत, आणि तरीही बाहेरच्यांनी यावर विसंबू नये असं ते स्वतःच लिहून ठेवतात.

त्याच अहवालात एका पॅचवर ‘अनावश्यक’ असा शेरा होता. चालू प्रोग्रॅममधून त्याचीच नक्कल, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, निघाली की तिच्यातला रँडम आकड्यांचा जनरेटर नव्या बीजाने पुन्हा सुरू करणारा (सीड करणारा) तो पॅच. लिहिणारे सहकारी नोकरी सोडून गेलेले, कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची नोंद, दोन शब्दांचा. मीटिंगमध्ये त्यांच्या नावाने थोडं हसूनही झालं.

तुम्ही मात्र तारखा जुळवत बसलात. १.१.१ साठी जनरेटर नव्याने लिहिला गेला, त्यात हे संरक्षण असणार होतं, पण डिफॉल्टमध्ये ते लागूच होत नव्हतं. दुरुस्ती आली सप्टेंबर २०१९ मध्ये, १.१.१ डी बरोबर. आमचा पॅच त्याच्या आधीचा! मूळ प्रोसेस (पेरेंट) आणि चाइल्ड सारखेच रँडम आकडे काढू लागले आणि ईसीडीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीत दोन वेगळ्या सह्यांना तोच नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा गुप्त आकडा, लागला, तर प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) सरळ गणिताने निघते. ज्यांना आम्ही हसलो, त्यांनी ते दार वेळीच लावून घेतलं होतं.

आता तो पॅच काढायला हरकत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणजे निकाल अहवालाचाच. पण कारण न शोधता ओळी उडवल्या की काय होतं, ते डेबियन या लिनक्स वितरणाने भोगलंय. व्हॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या टूलची कुरकुर थांबवायला २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएलमधल्या रँडमच्या कोडमधल्या ओळी गेल्या आणि २००८ मध्ये कळलं, की कीमधला वेगळेपणा प्रोसेस आयडीपुरता (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकापुरता), म्हणजे ३२,७६८ शक्यतांवर आलाय.

बाकी रिव्ह्यू तर उत्तम होताच. माझ्या मनात राहिली ती त्याची शेवटची ओळ. हा पॅच लिहिणाऱ्याशी संपर्क असेल तर त्यांना कळवा, त्यांचं बरोबर होतं, असं तुम्ही लिहिलंत. त्या ओळीने आमचं एकही काम हलकं झालं नाही, तुमची दोन मिनिटं मात्र गेली. दुसऱ्याचा कोड उघडताना आधी त्याला शहाणा धरणारी माणसं कमीच. चुका दाखवणारे पुष्कळ, आणि त्यांतले बरेचसे हुशारही असतात. पण जो समोर नाही, ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, त्याच्या वतीने बोलायला हुशारी पुरत नाही.

निरोप पोचवला. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, कमिट मेसेज नीट लिहायला हवा होता.

उरलेल्यांपैकी अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ ओपनएसएसएल प्रकल्पाला, उपयोगी पडतील असे पॅच टेस्टसकट पाठवतोय, या खेपेला प्रत्येकामागचं कारण लिहून. रिव्ह्यूची घाई नाही.

आपला,
फोर्क सांभाळणाऱ्यांपैकी एक